बटलर नव्हे, बोतेलो

फॉल रिव्हर,
४ जानेवारी १९३८

प्रिय दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की नाही, कोण जाणे. तू घर सोडलंस तेव्हा माझं अक्षर शाळकरी पोरीसारखं गोल होतं. मी इदालिना. तुझ्यावर रागावलेली आहे, पण आज तो राग बाजूला ठेवते. एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये आणि ती ज्याला सांगावी असा माणूस आता या घरात नाही.

तुझा पत्ता फिलोमेनाने दिला. नाताळला ती कॅलिफोर्नियाहून तिच्या आईला भेटायला आली होती. म्हणाली, "सेराफिम तुलारीला एका गोठ्यात कामाला आहे. दाढी वाढवलीय, पण धडधाकट आहे." मी हे आईला सांगितलं तेव्हा ती पावाचं पीठ मळत होती. ती थांबली नाही. फक्त जोरजोरात मळायला लागली. बाबांना मी अजून काही बोलले नाही.

तर गोष्ट अशी. आपल्या गावात नदी आहे. हसू नकोस! गावाच्या नावातच ती आहे हे मलाही ठाऊक आहे. पण तू किंवा मी ती कधी ऐकली होती का? हार्कनेस गिरणीच्या पोटाखालून ती शिरते, पुढच्या गिरणीच्या पोटाखालून बाहेर पडते आणि वर दिवसभर कापड विणायच्या साच्यांचा खडखडाट. नाताळच्या आधीपासून हार्कनेस बंद आहे. मालाची मोजदाद चाललीय, असं फाटकावर लिहिलंय. शेजारच्या दोन गिरण्याही थंड आहेत. रविवारी चर्चमधून, मिसाहून परत येताना आम्ही उतारावर पोचलो, आणि रस्त्याखाली पाणी कोसळत असल्याचा आवाज आला. एवढा मोठा की बायका जागच्या जागी उभ्या राहिल्या. काहींनी क्रूसाची खूण केली. आईने माझा दंड धरला नि म्हणाली, "इतकी वर्षं ही इथेच होती?"

बाबांना अर्थातच ऐकू आलं नाही. त्यांचे कान साच्यांनी केव्हाच नेले, तुला माहीत आहे. ते आमच्या तोंडांकडे बघत राहिले. मग रविवारचा कोट अंगात असताना बर्फाच्या चिखलात गुडघे टेकून बसले आणि त्यांनी रस्त्याच्या दगडावर तळहात ठेवला. बराच वेळ तसेच बसले. उठले तेव्हा डोळे भरून आले होते. म्हणाले, "आहे."

एवढंच सांगायचं होतं. आम्ही सगळे ठीक आहोत. आईचा खोकला नेहमीचाच.

तुझी बहीण,
इदालिना

फॉल रिव्हर,
१२ जानेवारी १९३८

प्रिय दादा,

तुझं उत्तर नाही. नसू दे. पत्र परत आलं नाही, म्हणजे कुणीतरी ते घेतलंय.

मागच्या पत्रात मी मोजदाद म्हणून लिहिलं होतं. ते खरं नव्हतं, आणि फाटकावरची पाटी लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक असणार. हार्कनेस कायमची बंद झाली. साचे पेट्यांत भरून दक्षिणेकडे चाललेत. तिकडे माणसं आणखी स्वस्त मिळतात म्हणे. बाबा मालधक्क्यावर जाऊन उभे राहिले होते. आपले साचे त्यांनी ओळखले. घरी येऊन म्हणाले, "त्यांना गवतात गुंडाळलंय. अंड्यांसारखं." जेवले नाहीत. बाबांचं काम गेलं, वाइंडिंगमधलं, सूत गुंडाळायचं माझंही गेलं. कोळसा मी शेजारच्या आगुएदाबाईकडून टोपलीने आणते. तिला वाटतं आमच्या गाडीवाल्याला उशीर होतोय.

आता पुढचं नीट वाच, कारण मला स्वतःलाच ते अजून खरं वाटत नाही.

सरकारने नवीन कायदा केलाय. काम गेलेल्या माणसाला राज्याकडून दर आठवड्याला भत्ता. या जानेवारीपासून सुरू. मेन स्ट्रीटच्या मागे शिपायांचा कवायतीचा हॉल आहे ना, तिथे नावं नोंदवतात. बाबांनी ऐकल्याबरोबर हात झटकला. "ही भीकच. फक्त रांग लांब."

मला तेव्हा तूच आठवलास. त्या वर्षी घरात पीठ नव्हतं, आई अंथरुणाला खिळलेली, आणि तू कुणाला न सांगता धर्मादाय कचेरीत जाऊन नाव घातलंस. मग तो काळ्या हॅटवाला माणूस घरी आला. त्याने कपाट उघडलं, गादी उचलून खाली बघितलं, आईच्या विणलेल्या पडद्यांना बोट लावून म्हणाला, "उपाशी लोकांना हे कशाला लागतात?" बाबा भिंतीला टेकून उभे होते. तो गेल्यावर त्यांनी तुला दार दाखवलं आणि तू गेलास. मी जिन्यात उभी होते. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

म्हणून मी सोमवारी एकटीच गेले. बाबांना सांगितलं, मेणबत्ती लावायला चर्चमध्ये जाते.

दादा, मी असं काही आयुष्यात पाहिलं नाही. रांग हॉलपासून निघून कोपऱ्यावर वळून पार टेकडीच्या चढावर गेली होती. अख्खं गाव उभं होतं. आपले सांव मिगेल बेटावरचे पोर्तुगीज लोक, कॅनडाचे फ्रेंच, पोलिश, आयरिश, लेबनॉनचा तो कापूसवाला, हार्कनेसमधल्या दोन सुपरवायझरच्या बायकाही. एवढी माणसं एकत्र मी फक्त संपात पाहिली होती, पण संपात आरडाओरडा असतो. इथे कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती आणि ती डोक्यांवर एकत्र होऊन ढगासारखी थांबली होती. मला वाटलं, आपण देवळातच आलो. मग बाबांना सांगितलेलं काही अगदीच खोटं नव्हतं.

आत टेबलांच्या ओळी. माझ्या टेबलाशी मिस नूनन म्हणून बाई, माझ्याच वयाची, नाक सर्दीने लाल. नाव विचारलं. कुठे काम करत होता? कसलं काम? का सुटलं?

मी म्हटलं, "मी सोडलं नाही. गिरणीच आम्हाला सोडून गेली."

ती खुदकन हसली, मग गंभीर झाली. "दुसरं काम मिळालं तर कराल?"

"आज दुपारी सांगितलंत तर आज दुपारी."

तिने सही घेतली. म्हणाली, "झालं. आता दर आठवड्याला येऊन सांगायचं, अजून काम मिळालं नाही म्हणून. सुरुवातीचे काही आठवडे रिकामे जातील, मग टपालाने चेक येईल."

मी उठेचना. "आणि घरी कधी येणार?"

"कोण येणार?"

"बघायला. कपाट, गाद्या, पडदे."

तिला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा तिने टाक खाली ठेवला. "बाई, तुमच्या कपाटात काय आहे हे विचारायचा मला अधिकारच नाही. तुम्ही काम केलंत. तुमच्या पगारामागे गिरणीला यात भरणा करावा लागलाय. तुम्हाला कुणी काही देत नाहीये. हे तुमच्यासाठीच ठेवलेलं आहे."

म्हणजे बघ. उन्हाळ्यात खिडक्या खिळे ठोकून बंद करणारा हार्कनेस, धाग्याला दमट हवा लागते म्हणून आम्हाला वाफेत उभं करणारा तो म्हातारा, माझ्यासाठी कुठेतरी पैसे भरत होता, आणि मला पत्ताही नव्हता! त्याला भरावेच लागत होते. कुणीतरी, मी न पाहिलेल्या माणसांनी, मला न विचारता, माझी एवढी काळजी केली होती. मी बाहेर आले. तुलाच पहिल्यांदा सांगावंसं वाटलं. म्हणून हे लिहिलं.

घरी आल्यावर मात्र सगळं बाहेर आलं. बाबा रागाने लाल झाले. आई मध्ये पडली. म्हणाली, "अहो, पवित्र आत्म्याच्या सणाला आपण रस्त्यावरच्या वाटसरूलासुद्धा सूप-पाव वाढतो. त्याला विचारतो का, तुझ्या खिशात काय आहे?"

"ते देवाचं अन्न," बाबा म्हणाले. "हे कारकुनांचं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ऐकू न येणाऱ्या माणसाशी भांडायची हीच मोठी पंचाईत. त्याने तोंड फिरवलं की भांडण संपलं.

इदालिना

फॉल रिव्हर,
२६ जानेवारी १९३८

प्रिय दादा,

आज जे झालं ते मी रात्रीपर्यंत धरून ठेवू शकत नाही. आई सूप ढवळतेय आणि मी तिच्याच टेबलावर लिहितेय.

आज माझा हजेरीचा दिवस. काल दुपारी पाऊस पडून गोठला होता, टेकडीचा उतार काचेसारखा. बाबा म्हणाले, "पडशील. मी येतो सोबत. पण आत येणार नाही." आम्ही एकमेकांना धरून उतरलो. ते हॉलच्या भिंतीपाशी उभे राहिले आणि मी रांगेत. थंडी अशी की पापण्या चिकटत होत्या. दारावरचा शिपाई, म्हातारा आयरिश, थोड्या वेळाने त्यांच्यापाशी गेला नि खुणेने म्हणाला, आत चल बाबा, मरशील. बाबांनी मान हलवली. तेव्हा त्याने त्यांच्या खांद्याला धरून सरळ आतच आणलं आणि शेगडीजवळ उभं केलं.

मी रांगेतून बघत होते. मला धाकधूक, की आता निघून जातील. पण ते हलले नाहीत. डोळे बारीक करून टेबलांकडे बघत राहिले. मला समजायला जरा वेळ लागला. दादा, ते वाचत होते. साच्यांच्या गोंगाटात आपण सगळे ओठ वाचायला शिकलो, पण त्यांच्याइतकं कुणी नाही. ते एका कारकुनाचे ओठ वाचत, मग दुसऱ्याचे, मग पलीकडच्या ओळीतल्या मिस नूननचे. इतक्या लांबून! मग समोर बसलेल्या माणसांचे. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये प्रत्येकाला काय विचारलं जातंय आणि तो काय सांगतोय, हे सगळं त्या बहिऱ्या माणसाला ऐकू येत होतं. आम्हा बाकीच्यांना नुसती कुजबुज.

माझी हजेरी झाली. मी त्यांच्यापाशी गेले, म्हटलं, चला. ते म्हणाले, "थांब." आणखी दोन-तीन माणसं त्यांनी वाचली. मग माझ्याकडे वळले. चेहरा असा की मी घाबरले.

"कपाटाचं कुणालाच विचारत नाहीत," ते म्हणाले. "देवळात जातोस का, दारू पितोस का, काही नाही. सगळ्यांना एकच विचारतात. काय काम करत होतास. आणि काम मिळालं तर करशील का." मग स्वतःशीच म्हणाले, "करशील का, असं विचारतात. मला हे कधी कुणी विचारलं नाही."

आणि जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले. बाहेर, बर्फात. मी सोबत.

त्यांची पाळी आली ती नेमकी मिस नूननपाशी. त्यांनी नाव सांगितलं, जासिंतो बोतेलो. तिने कार्डांच्या पेटीत शोधलं. पुन्हा शोधलं. म्हणाली, "हार्कनेसने पाठवलेल्यांत हे नाव नाही." मग बाबांच्या खिशातलं सरकारी नंबराचं कार्ड मागितलं. गेल्या वर्षी गिरणीच्या कारकुनाने सगळ्यांना भरून दिलं होतं ते. बाबांना वाचता येत नाही, त्यांनी ते कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं आणि सुटकेचा श्वास टाकला. "अहो, हे तर जेसी बटलर! जेसी बटलर आहे माझ्याकडे. तुम्हीच ना?"

आता गिरणीत त्यांना जेसी म्हणून हाक मारायचे हे आपल्याला माहीत होतं. साहेबाला जासिंतो म्हणता येत नाही, त्याला तो काय करणार. पण बटलर? बाबांनी मला विचारलं, बटलर म्हणजे काय. मी सांगितलं, साहेबाच्या घरी ताटं वाढणारा.

मी हळूच म्हटलं, "बाबा, हो म्हणा. एक शब्द. हो म्हणा आणि घरी चला."

"नाही," ते म्हणाले. मिस नूननला त्यांनी मोठ्याने सांगितलं, त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही म्हणून इतक्या मोठ्याने की आजूबाजूची टेबलं थांबली. "मी जेसी बटलर नाही. काम मी केलं. त्याने नाही."

"पण मग मला तुम्हाला काही देता येणार नाही," ती म्हणाली. तिची खरंच अडचण होती. "कुणीतरी शपथेवर सांगायला हवं की हा माणूस आणि तो माणूस एकच. मुलीचं चालत नाही. तुमच्यासोबत काम केलेलं कुणीतरी. आहे का इथे?"

हार्कनेसची माणसं हॉलभर होती. पण विचार कर, दादा. सकाळपासून थंडीत उभं राहून मिळवलेली जागा. रांगेतून बाहेर पडलं की पुन्हा टेकडीवरून सुरुवात. शिपाई कुणालाही मध्ये घुसू देत नाही. मला कुणाचाही राग आला नाही. लोक बुटांकडे बघू लागले. बाबांनी टोपी उचलली आणि वळले.

वळले आणि थबकले. हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्याच टेबलाशी पोचलेला एक माणूस त्यांच्याकडे बघत होता. ओरेल तिबो.

तुला तिबो आठवत असेलच. पण संपाचं तुला कळलं नसेल. चौतीसच्या संपात तो पहिल्या आठवड्यातच आत कामावर गेला. पोरं आजारी होती, पण गेला. शेजारशेजारच्या साच्यांवर दोघं, आणि तेव्हापासून बाबा त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते. तो ओठ हलवायचा, बाबा नजर वळवायचे.

आज त्यांनी नजर वळवली नाही. तिबोने आवाज न करता, नुसत्या ओठांनी, सावकाश म्हटलं, "जासिंतो. थांब. मी येतो." मीही ते वाचलं. हॉलमधल्या प्रत्येक विणकराने वाचलं असणार, कारण एकदम सगळ्यांची डोकी वर झाली.

तो पहिल्या टेबलापासून चालत आला. मागच्या माणसाने त्याची जागा घेतलीसुद्धा. येऊन तिबोने टोपी काढली आणि शपथेसाठी हात वर केला. मिस नूनन म्हणाली, "या माणसाला ओळखता?"

"ओळखतो? बाई, बारा वर्षं याच्या शेजारी उभा राहिलोय. हा माझ्याशी बोलत नाही, मी याला मनातल्या मनात शिव्या घालतो. पण जेसी म्हणून नाही घालत. जासिंतो बोतेलो म्हणूनच घालतो."

माणसं हसली. दादा, ती एवढी मोठी रांग हसली, दारापासून बाहेरपर्यंत. ज्यांनी ऐकलं नव्हतं तेही हसले. मिस नूननसुद्धा. तिने तिबोची सही घेतली, मग बाबांना म्हणाली, स्पेलिंग सांगा. मी सांगितलं. तिने कार्डावरचं नाव रेघ ओढून खोडलं, वर नवीन लिहिलं आणि बाबांना दिसेल असं ओठ नीट हलवत वाचून दाखवलं: "जासिंतो बोतेलो, विणकर." उच्चार चुकला. बाबांनी दुरुस्त केला. तिने पुन्हा म्हटलं. या देशात आल्यापासून कुणा परक्याने त्यांचं पूर्ण नाव पहिल्यांदाच घेतलं असेल.

तिबो एव्हाना परत निघाला होता. शिपायाने त्याला दारापाशी अडवलं, जरा विचार केला, आणि परत आत घेऊन त्याच्या जुन्या टेबलापाशी नेऊन उभं केलं. कुणी हूं का चूं केलं नाही.

येताना बाबा माझा दंड धरून सगळा चढ चढले. दारात बूट झटकताना एवढंच म्हणाले, "तरी तो फितूरच." मग जरा थांबून, "पण आईला म्हणावं, या शनिवारी गोड पाव दोन कर."

इदालिना

फॉल रिव्हर,
१७ फेब्रुवारी १९३८

प्रिय दादा,

तुझं कार्ड आलं! गाईचं चित्र असलेलं. मी ते वाचून आईला दिलं, तिने एप्रनच्या खिशात घातलं, आणि दिवसभर एक हात खिशातच. कांदा एका हाताने चिरत होती.

तू एवढंच विचारलंस, "बाबा गेले का रांगेत?" म्हणजे माझं जानेवारीच्या शेवटचं पत्र तुला तोवर पोचलं नव्हतं. आता पोचलं असेल. आणि खाली एका ओळीत तू लिहिलंस की तुझंही काम गेलंय, दुधाचा भाव पडला म्हणून मालकाने अर्धी माणसं काढली, आणि भत्त्याचं विचारायला गेलास तर म्हणाले, शेतावरच्या आणि गोठ्यातल्या माणसांना हा कायदा लागूच नाही. हे एवढं मोठं तू टपाल तिकिटाच्या खाली कोंबून लिहावंस! मी तीनदा वाचलं.

मी मिस नूननला विचारलं. ती म्हणाली, हो, तसंच आहे, शेतावरचे आणि घरकामाचे लोक बाहेर ठेवलेत. "का?" मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. "मला ठाऊक नाही," म्हणाली. "मला वाटतं, ज्यांनी ठरवलं त्यांना ठाऊक आहे, पण ते इथे या टेबलाशी बसत नाहीत." इतके दिवस मला ती जागा देवळासारखी वाटत होती. अजूनही वाटते. पण आता मला कळलं, की दाराबाहेरही माणसं उभी आहेत आणि त्यांतला एक माझा भाऊ आहे.

आमचे चेक आज आले. दोघांचे एकाच टपालात, माझा कचेरीत रखडला होता. बाबांनी आपला चेक टेबलावर ठेवला, आत जाऊन रविवारचा कोट घातला, केस ओले करून विंचरले, आणि मग समोर येऊन बसले. आईने विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, "कुठे नाही. बघतोय." आम्ही तिघंही बघत बसलो. पातळसा कागद होता. मला वाटतं त्या वेळी अख्ख्या गावात घरोघरी असेच लोक टेबलाशी बसून बघत असतील. रस्त्यावर इतकी शांतता होती. मग आगुएदाबाईच्या घरातून कुणीतरी हसल्याचा आवाज आला, आणि लगेच रडल्याचा.

कोळशाचा गाडीवाला उद्या येईल. यावेळी खरंच येईल.

तुझी,
इदालिना

फॉल रिव्हर,
६ मार्च १९३८

प्रिय दादा,

मला काम मिळालं. हार्कनेसच्या दुसऱ्या मजल्यावर, जिथे साचे होते तिथेच, न्यूयॉर्कच्या एका माणसाने शिलाईची मशिनं बसवलीत. बायकांचे झगे. मी बाह्या जोडते. पगार गिरणीपेक्षा कमीच आहे आणि मुकादमीण तोंडाने फटकळ, पण खिडक्या उघडतात.

हजेरीच्या दिवशी मी मिस नूननला सांगायला गेले की आता माझा भत्ता बंद करा. ती म्हणाली, "नुसतं हे सांगायला तू रांगेत उभी राहिलीस? एक चिठ्ठी टाकली असतीस तरी चाललं असतं." मी म्हटलं, मला यायचं होतं. तिने हात पुढे केला, मी मिळवला. मागची बाई म्हणाली, आटपा गं, गळाभेट बाहेर घ्या.

आता मुख्य गोष्ट. तुझं कार्ड मी काल रात्रीच्या जेवणानंतर बाबांना वाचून दाखवलं. मनाचा हिय्या करून. त्यांनी माझे ओठ शेवटपर्यंत बघितले. मधे तोंड फिरवलं नाही. मग म्हणाले, "पुन्हा वाच. गोठ्याचं." मी पुन्हा वाचलं. आज सकाळी मिसाहून आले आणि म्हणाले, "कागद घे. मी सांगतो तसं लिही." तेव्हा इथून पुढचे शब्द त्यांचे आहेत.

"त्याला लिही, गाईचं दूध काढणं हे काम नाही असं ज्याने ठरवलं त्याने पहाटे उठून एकदा काढून बघावं.

"त्याला लिही, त्यांनी नाही म्हटलं तरी परत जा. मग पुन्हा जा. तुझ्यासारखे तिकडे असतील त्यांना घेऊन जा. उभे राहा. इथेही काल-परवापर्यंत असलं काही नव्हतं.

"त्याला लिही, तिबोची बायको आजारी आहे, तुझी आई तिकडे सूप पाठवते. तो संपात आत का गेला ते मी त्याला विचारलं नाही. विचारणार नाही.

"त्याला लिही, तो त्या वेळी धर्मादाय कचेरीत गेला होता ते एकट्याच्या पोटासाठी नव्हे. तिथे त्याला एकट्याला उभं राहावं लागलं. इथे आम्ही सगळे होतो. मला कुणी एकट्याला उभं केलं असतं तर मला नसतं जमलं. मी त्याला दार दाखवलं, तेव्हा मला ते त्या हॅटवाल्या माणसाला दाखवायचं होतं."

इथे ते थांबले. आई दारात उभी होती. मग म्हणाले, "ते शेवटचं खोड."

मी म्हटलं, "खोडलं."

"आणखी काही लिहायचंय?" मी विचारलं.

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. म्हणाले, "विचार त्याला, तिकडे सकाळी थंडी किती असते. आणि हातमोजे आहेत का म्हणावं."

दादा, मी काही खोडलेलं नाही, तू बघतोच आहेस. हातमोज्यांचं मात्र लवकर कळव. ते आता रोज विचारतील.

तुझी,
इदालिना